जोडउत्पन्नावरील कर आणि पेन्शनचा भरणा

गेल्या जुलैतील एका रविवारी माझी पुतणी पुण्याहून सांगलीला आली, ती लॅपटॉप घेऊनच. चहा होण्याआधीच तिने तो माझ्यापुढे उघडला आणि म्हणाली, "काका, हे बघा ना. पेन्शनमध्ये पन्नास हजार भरलेत, पावती आहे, आणि विवरणपत्रातला हा रकाना आकडाच घेत नाही." मी चष्मा लावून पाहिले. पावती खरी होती. मार्चच्या २८ तारखेला तिने राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे ज्याला सर्वजण एनपीएस म्हणतात त्यात, पन्नास हजार रुपये भरले होते. रकाना आकडा घेत नव्हता हेही खरे होते. त्यात संगणकाचा दोष नव्हता. तिने नवी करप्रणाली स्वीकारली होती आणि त्या प्रणालीत ही वजावट नाहीच.

पुतणी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. दिवसा एका कंपनीत नोकरी, आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी लहान वास्तुविशारदांसाठी आरसीसीची डिझाइन करून देते. कंपनीतील एका सहकाऱ्याने तिला मार्चमध्ये सांगितले होते, "बाहेरच्या कमाईवर कर लागणार, तर एनपीएसमध्ये पन्नास हजार टाक, कर वाचेल." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता. हा सल्ला काही वर्षांपूर्वी दिला असता तर तो बरोबरही ठरला असता.

अशा कमाईला मराठीत 'वरकमाई' हा शब्द आहे, पण त्याला निराळाच वास येतो; म्हणून मी तिला जोडउत्पन्न म्हणतो. आपल्या घरांतून पूर्वी नोकरी करणारा नोकरी करी आणि दुकान सांभाळणारा दुकान सांभाळी. दोन्ही एकाच माणसाने करावे अशी रीत नव्हती. आज घरोघरी पगारदार मुले-मुली शिकवणी, भाषांतर, हिशेबनिशी, रेखाचित्रे, संगणकाची कामे अशी काही ना काही बाहेरची कामे घेतात. त्यांच्या कष्टाचे मला कौतुक आहे. तथापि पगाराचा कर कंपनी परस्पर कापत असल्याने कराचा हिशेब स्वतः मांडण्याची सवय त्यांना नसते. आजोबांच्या दुकानात दिवाळीला वहीपूजन होई, तेव्हा वर्षाची बाकी घरातल्या पोरासोरांनाही कळे. यांचे वर्ष ३१ मार्चला मिटते आणि मिटल्याचे त्यांना जुलैत समजते.

त्या रविवारी मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्याबरोबर बसलो. गतवर्षीचे विवरणपत्र जसे होते तसे भरावे लागले; मग आम्ही चालू, म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे गणित मांडले. वाचकांसाठी तेच आकडे सोयीकरिता पूर्णांकात करून देतो.

तिचा वर्षाचा पगार १६,७५,००० रुपये. त्यातून पगारदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता १६,००,००० उरले. बाहेरच्या कामाची जमा ८,००,००० रुपये. अभियंता, वास्तुविशारद, वैद्य, वकील, लेखापाल, अंतर्गत सजावटकार, तांत्रिक सल्लागार अशा ठराविक व्यावसायिकांना आयकराच्या ४४-एडीए या कलमाने एक सोय दिली आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर ७५ लाखांच्या आत), तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो आणि खर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. तेव्हा तिचे जोडउत्पन्न ४,००,००० आणि एकूण करपात्र उत्पन्न २०,००,००० झाले.

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. तिला वाटत होते की बाहेरचे चार लाख हे स्वतंत्र उत्पन्न असून पहिल्या चार लाखांवर कर नसतो, म्हणून त्यावर फारसे काही लागणार नाही. आयकर खिसे मोजत नाही, बेरीज मोजतो. जोडउत्पन्न पगाराच्या डोक्यावर जाऊन बसते आणि पगार जिथे संपतो त्या टप्प्याचा दर त्याला लागतो. नव्या प्रणालीत १६ ते २० लाखांच्या टप्प्याचा दर २० टक्के आहे. एकट्या पगारावर तिचा कर उपकरासह १,२४,८०० होतो आणि वीस लाखांवर तो २,०८,००० होतो. फरक ८३,२०० रुपयांचा. हा झाला चार लाखांच्या जोडउत्पन्नाचा खरा कर.

आता टीडीएस. तिच्या कामांपैकी चार लाखांचे काम एका मोठ्या कंपनीचे. त्यांनी १० टक्के दराने ४०,००० कापून भरले. उरलेले चार लाख लहान वास्तुविशारदांकडून आले, ज्यांच्यावर कर कापण्याचे बंधन नाही. तिची समजूत अशी की टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला. टीडीएस म्हणजे कराचा विसार. व्यवहार पुरा करायला ४३,२०० रुपये अजून लागत होते. पन्नास हजारांच्या भरण्याने हाच खड्डा बुजेल, अशी तिची आशा होती.

एनपीएसची थोडी ओळख करून देतो, कारण पुष्कळ जण तिला अजून सरकारी नोकरांची योजना समजतात. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नोकरांना ती लागू झाली (सैन्यदले वगळून) आणि १ मे २००९ पासून सर्व नागरिकांसाठी खुली झाली. करसवलतीच्या दृष्टीने या घराला तीन दारे आहेत. पहिले दार ८०-सीसीडी(१) चे: स्वतः भरलेली रक्कम, पगारदारास पगाराच्या १० टक्क्यांपर्यंत आणि स्वयंरोजगारी माणसास एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत, पण ती विमा, भविष्यनिर्वाह निधी यांच्याबरोबर दीड लाखाच्या एकाच मर्यादेत मोजली जाते. दुसरे दार ८०-सीसीडी(१बी) चे: त्या दीड लाखाबाहेर आणखी ५०,००० रुपये. सहकाऱ्याने पुतणीला दाखवलेले दार हेच. ही दोन्ही दारे केवळ जुन्या करप्रणालीत उघडतात. तिसरे दार ८०-सीसीडी(२) चे: मालकाने नोकराच्या खात्यात भरलेली रक्कम. नव्या करप्रणालीतही हे दार उघडे आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १४ टक्क्यांपर्यंत ती रक्कम उत्पन्नातून वजा होते. पूर्वी खासगी नोकरांसाठी ही मर्यादा १० टक्के होती. नव्या प्रणालीपुरती ती २०२४-२५ पासून वाढली. जुन्या प्रणालीत खासगी नोकरांना अजून १० टक्केच.

"मग मी जुनी प्रणालीच घेते. पन्नास हजार वाया का घालवू?" पुतणी म्हणाली. प्रथम तिला सांगितले की पैसे वाया गेलेले नाहीत; ते तिच्या नावावर आहेत, वाढत आहेत, म्हातारपणी तिलाच मिळणार आहेत. केवळ करात सवलत मिळाली नाही. मग जुन्या प्रणालीचे गणित मांडले. तेथे प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कराचे २,५०० मिळतात. भविष्यनिर्वाह निधी व विमा मिळून दीड लाख, आरोग्य विम्याचे २५,००० आणि एनपीएसचे ५०,००० धरले. राहते घर सासऱ्यांचे, त्यामुळे घरभाडे भत्त्याची सूट नाही आणि गृहकर्जही नाही. करपात्र उत्पन्न १७,९७,५०० आले आणि कर उपकरासह ३,६५,८२०. नव्या प्रणालीत तोच २,०८,०००. पन्नास हजारांच्या भरण्यावर वाचणारा कर १५,६००, आणि तो वाचवण्यासाठी जुन्या प्रणालीत जायचे तर एकूण १,५७,८२० रुपये जास्त भरायचे!

उत्सुकतेपोटी मी उलटे गणितही करून पाहिले. तिच्या उत्पन्नावर जुनी प्रणाली नव्या प्रणालीच्या बरोबरीला येण्यासाठी सर्व वजावटींची बेरीज सुमारे ७ लाख ८३ हजार हवी. मोठे गृहकर्ज आणि मोठे घरभाडे दोन्ही असणारी काही माणसे तेथवर पोहोचतात. त्यांनी एनपीएसचे पन्नास हजार अवश्य भरावेत. बाकीच्यांनी आधी कोणती प्रणाली लागू आहे हे पाहावे आणि मगच पेन्शनची पावती फाडावी.

या ठिकाणी एक फार घातक खाच आहे आणि तिच्याबद्दल चांगले शिकलेले लोकही बेसावध असतात. केवळ पगार असणाऱ्यास दरवर्षी विवरणपत्र भरताना जुनी की नवी हे नव्याने ठरवता येते. म्हणून कार्यालयांतून "बघू जुलैत, जे स्वस्त पडेल ते" अशी भाषा चालते. परंतु व्यवसायाचे वा पेशाचे उत्पन्न जोडीला आले की ही दरवर्षीची मुभा संपते. अशा माणसास जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा तो भरला की पुढील वर्षांनाही जुनीच लागू राहते. तीतून परत नव्या प्रणालीत येण्याची संधी एकदाच मिळते. ती घेतली की व्यवसायाचे उत्पन्न चालू आहे तोवर जुनीचे दार कायमचे बंद. म्हणजे शनिवार-रविवारच्या कामाचे थोडे पैसे आले की पगाराची निवडही त्यांच्याबरोबर बांधली जाते. पुतणीने एका वर्षाच्या पन्नास हजारांसाठी तो फॉर्म भरला असता, तर परतीचे एकमेव तिकीट तिने पुढच्याच वर्षी खर्च केले असते.

यावर काही जण एक पळवाट सुचवतात: बाहेरची कमाई 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवावी आणि पगारदारांचे साधे विवरणपत्र भरावे. एखाद्या व्याख्यानाचे एकदाच मिळालेले मानधन निराळे. महिन्यामागून महिना नियमाने येणारी फी ही पेशाचीच कमाई होय. ज्याने १० टक्के कापले त्याने ते कोणत्या कलमाखाली कापले हे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतच असते. बँकेतील चौतीस वर्षांत मी कागदांच्या विसंगतीतून निघालेली अनेक प्रकरणे पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक लबाडीची नव्हती, आळसाची होती.

तेव्हा पुतणीसाठी उरले ते तिसरे दार. तिचे मूळ वेतन वर्षाला ८,००,०००. त्याचे १४ टक्के म्हणजे १,१२,०००. कंपनीने पगाराच्या एकूण पॅकेजमधील विशेष भत्ता तितका कमी करून ती रक्कम तिच्या एनपीएस खात्यात भरली, तर उत्पन्न तितकेच कमी होते. पैसे पगाराच्या खात्यातून गेले तरी सवलत मिळते ती एकूण बेरजेच्या वरच्या थरातून, म्हणजे तिच्या बाबतीत जोडउत्पन्नाच्या २० टक्के दराने. पूर्ण वर्षभर केल्यास २३,२९६ रुपये वाचतात. पगारातून भरलेली पेन्शन बाहेरच्या कमाईचा कर हलका करते, ही गोष्ट तिच्या सहकाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. प्रामाणिकपणे सांगायचे तर निवृत्तीपर्यंत माझ्याही आली नव्हती.

तिच्या कंपनीत ही सोय होती. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये अर्ज घेत. मार्चमध्ये स्वतः उघडलेले एनपीएस खाते त्याच क्रमांकाने कंपनीशी जोडता आले, दुसरे काढावे लागले नाही. ऑक्टोबरपासून सहा महिने ९,३३३ रुपये दरमहा, म्हणजे वर्षाखेर ५६,००० रुपये जमा होतील.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. रक्कम लहान आहे, परंतु मला ती अधिक महत्त्वाची वाटते. भाचा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात आहे. वर्षाचा पगार ११,२५,०००. प्रमाणित वजावट जाता १०,५०,०००. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, म्हणून कंपनी त्याच्याकडून काहीच कापत नाही. संध्याकाळी व रविवारी तो बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. मालकाची लेखी परवानगी त्याने घेतली आहे, हे त्याला मी आधी विचारले. पुष्कळांच्या नेमणूकपत्रात बाहेरचे काम करू नये अशी अट असते आणि ते पत्र कोणी पुन्हा वाचत नाही. शिकवणी ही ४४-एडीएच्या यादीतली नाही. म्हणून त्याने जागेचे भाडे, छपाई, वीज असा खरा खर्च वहीत लिहून वजा केला. वर्षाअखेर निव्वळ दोन लाख उरतील असा अंदाज निघाला.

दहा लाख पन्नास हजार आणि दोन लाख मिळून १२,५०,०००. "मामा, बारा लाखांच्या वर फक्त पन्नास हजार गेले, किती लागेल?" असे त्याने फोनवर विचारले तेव्हा त्याचा अंदाज सात-आठ हजारांचा होता. बारा लाखांची मर्यादा ओलांडली की रिबेट संपते आणि चार लाखांपासून वर सर्व टप्प्यांचा कर लागू होतो. तो ६७,५०० येतो. कायद्याने येथे दया दाखवली आहे ती एवढीच, की कर हा बारा लाखांवरील जादा रकमेपेक्षा अधिक असू नये. जादा रक्कम ५०,०००, म्हणून कर ५०,००० आणि त्यावर उपकर २,०००. एकूण ५२,००० रुपये. म्हणजे शेवटचे पन्नास हजार मिळवण्यासाठी त्याने ज्या ज्या रविवारी मुलांना शिकवले, ते सर्व रविवार सरकारजमा झाले आणि वर दोन हजार पदरचे गेले. बारा लाखांपासून सुमारे १२,७०,५०० पर्यंतचा पट्टा असाच आहे. त्यात मिळवलेला प्रत्येक रुपया करातच जातो.

पलीकडे काही क्षण आवाजच आला नाही. मग तो म्हणाला, "म्हणजे जानेवारीपासून शिकवणी बंद करू का?" बारावीची मुले जानेवारीत वाऱ्यावर सोडायची, हे त्याला स्वतःलाच पटत नव्हते. मी म्हणालो, मुले सोडू नकोस, मालकाला भेट.

त्याच्या बाबतीत मालकाच्या भरण्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. मूळ वेतन ५,००,०००. १४ टक्क्यांची मर्यादा ७०,०००. पैकी ५०,००० मालकाने एनपीएसमध्ये भरले आणि तितका विशेष भत्ता कमी केला, तर करपात्र उत्पन्न बरोबर १२,००,००० वर येते आणि कर शून्य. पन्नास हजार पेन्शनमध्ये गेले आणि ५२,००० चा कर वाचला. हेच पन्नास हजार त्याने स्वतः बँकेत जाऊन एनपीएसमध्ये भरले असते, तर नव्या प्रणालीत एक पैसाही वाचला नसता. रक्कम तीच, खातेही तेच. भरणारा हात मात्र मालकाचा हवा.

अडचण अशी की फाउंड्री एनपीएसमध्ये नोंदलेली नव्हती. कार्यालयातील हिशेबनिसाने "एका माणसासाठी एवढा उपद्व्याप कोण करणार" म्हणून विषय मिटवला. हिशेबनिसांची ही भाषा मला परिचयाची आहे. मीही काउंटरच्या आत बसून ती बोललो असेन. भाच्याने मग थेट मालकांची वेळ घेतली आणि तीन गोष्टी एका कागदावर लिहून नेल्या: कंपनीचा एकूण खर्च एका रुपयाने वाढत नाही, भरलेली रक्कम कंपनीला व्यवसायखर्च म्हणून वजा मिळते, आणि नोंदणी बँकेमार्फत होते. मालक व्यवहारी गृहस्थ. त्यांनी कागद वाचून विचारले, "मग हे मला माझ्यासाठी कोणी का नाही सांगितलं?" नोंदणी होण्यात दोन महिने गेले. डिसेंबर ते मार्च दरमहा १२,५०० असे चार हप्ते ठरले. १४ टक्क्यांची मर्यादा वर्षाच्या वेतनावर मोजली जात असल्याने चार महिन्यांत पन्नास हजार भरण्यास बाध नाही. कामगारांपैकी आणखी कितीजणांनी सोय घेतली हे मला ठाऊक नाही. हिशेबनिसाने घेतली, एवढे कळले.

दुसऱ्यांना सांगतो आहे, पण मीही यात ठेच खाल्लेली आहे. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी एका सहकारी संस्थेचे लेखापरीक्षणाचे काम घेतले. साठ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकास आगाऊ कर भरावा लागत नाही, हे वाक्य मी ग्राहकांना शेकडो वेळा सांगितले होते. म्हणून मीही भरला नाही. ते वाक्य अर्धे होते. व्यवसायाचे वा पेशाचे उत्पन्न नसेल तरच ती सूट आहे. माझी फी पेशाची होती. २३४-बी आणि २३४-सी या दोन कलमांखाली दरमहा १ टक्का व्याज लागले. रक्कम चार आकडी होती, पण ती भरताना हात जड झाला. घरी सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "तुम्ही बँकेत होतात ना?"

तरुणांसाठी नियम असा: टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक राहत असेल तर तो वर्षातच भरावा. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार तारखांना अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के पूर्ण व्हावेत. ४४-एडीएखाली उत्पन्न दाखवणाऱ्यास एकच तारीख, १५ मार्च. ज्यांना या तारखा सांभाळणे जमत नाही, त्यांनी जोडउत्पन्नाचा अंदाज आपल्या कंपनीस लेखी कळवावा. कंपनी पगारातूनच जादा टीडीएस कापते आणि डोक्याचा भार उतरतो. वरिष्ठांना आपली बाहेरची कमाई कळू नये असे वाटणारे हा मार्ग घेत नाहीत, तो त्यांचा प्रश्न.

एवढे सर्व सांगूनही पुतणीला मी पूर्ण १,१२,००० भर असे सांगितले नाही. करसवलत पाहिली की माणसाला पैसा अडकतो आहे हे दिसत नाही. एनपीएसमधील पैसा साधारणपणे साठीपर्यंत बांधलेला राहतो. मध्ये काढायचा तर तीन वर्षांनंतर, ठराविक कारणांसाठी, आणि स्वतःच्या भरण्याच्या २५ टक्क्यांपर्यंतच. मालकाने भरलेल्या भागाला तेव्हा हात लावता येत नाही. साठीनंतर जमा रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी उचल करमुक्त आहे. एका हिश्शाची मात्र विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते आणि तिची दरमहा येणारी पेन्शन त्या त्या वर्षी करपात्र असते. म्हणजे कराचा काही भाग माफ होतो आणि काही पुढे ढकलला जातो. शेअर बाजाराशी जोडलेली रक्कम असल्याने परताव्याची हमीही नाही. पुतणी चौतीस वर्षांची, घर घेण्याच्या विचारात. तिच्या हाताशी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रोख शिल्लक आहे का, हा माझा पहिला प्रश्न होता. नव्हती. म्हणून यंदा निम्म्यावर थांबलो. राहिलेले बचत खात्यात पडू देत म्हटले. एप्रिलमध्ये तिची ती पुन्हा ठरवील. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येत आहे आणि कलमांचे क्रमांक बदलणार आहेत; अर्थसंकल्पही तोंडावर आहे. तेव्हा पुढील वर्षाचा निर्णय हा लेख कापून ठेवून त्यावरून करू नये, त्या वेळचे आकडे पाहावेत.

चालू वर्षाचे मात्र अजून हातात आहे. पुतणीचे शेवटचे गणित असे झाले: एकूण कर १,९६,३५२, कंपनी पगारातून कापेल १,१६,०६४, ग्राहक कंपनीने कापले ४०,०००, म्हणून तिने स्वतः भरायचे ४०,२८८ रुपये. यंदा १५ मार्च रविवारी आहे आणि १४ तारखेला दुसरा शनिवार. मोबाइलवरून कर कधीही भरता येतो हे मला मान्य आहे. तरीही तिच्या दिनदर्शिकेत मी शुक्रवार, १३ मार्च या तारखेभोवती लाल पेनने गोल काढून दिला आहे.